टीबी नव्हता

पेणमध्ये फिजिशियन म्हणून पाटी लावली, तेव्हा पहिले काही महिने लोक आत डोकावून एकच चौकशी करायचे. "ऑपरेशन करता?" नाही. "बाळंतपण?" नाही. "मग करता काय?" रामवाडीचे एक गृहस्थ शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्ही नुसतंच बघता." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कुणी केली नाही. आम्ही बघतो, चाचपतो, ऐकतो, आणि जे सापडेल त्याला औषध देतो. सर्जनला किमान काढलेला खडा बशीत ठेवून नातेवाइकांना दाखवता येतो. आमच्याकडे दाखवायला फार तर उतरलेला ताप.

संपादकांनी पेशंटांच्या गमतीजमती लिहा असं सुचवलं होतं. गमती आहेतच. नागोठण्याचे एक काका बीपी मोजताना श्वास रोखून धरायचे, का तर आकडा वर चढू नये. एक आजी सुनेच्या गोळ्या स्वतः घ्यायच्या, कारण "तिला गुण आला ना, मग मलाही येईल." पण लिहायला बसलं की ही सगळी मंडळी दाराबाहेरच थांबतात आणि मनीषा आत येते. तेव्हा तिचंच लिहिते. गमतीची अपेक्षा असणाऱ्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

माझं हॉस्पिटल पेणला होतं, आता ते बंद केलंय. रोह्याला आठवड्यातून दोनदा ओपीडीला जायचे, ती अजून चालू आहे. मनीषा मला तिथे भेटली. पंचविशीतली असेल. तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली, गळ्याची हाडं वर आलेली. आत आल्या आल्या तिने खुर्ची मागे ओढली आणि भिंतीला टेकून बसली.

"अगं, पुढे ये. एवढ्या लांबून काय तपासू?"

तिने आईकडे पाहिलं. "नको मॅडम. मना टीबी हाय."

आई, सुमनताई, रोह्यातच एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. त्यांनी सगळं सांगितलं. मनीषाला पेणच्या पलीकडे खाडीवरच्या गावात दिली होती. नवरा निलेश डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे, शिफ्टमध्ये. घरात सासू, हिराबाई. आणि दीड वर्षाची मुलगी, स्वरा. पोर अंगावर पीत असताना मनीषाच्या स्तनाला गळू झालं. ते कापलं, जखम भरली, सगळे विसरले. पुढच्या महिन्यात संध्याकाळचा ताप यायला लागला, मग खोकला, मग वजन उतरलं. सुमनताई तिला दाखवायला रोह्याला घेऊन आल्या, तिथल्या एका तरुण डॉक्टरने छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना डाग आणि पोकळ्या. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण फोटो बघून त्याने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. ताप उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. आता काही दिवसांपासून तो परत चढत होता.

"आणि पोर?" मी विचारलं.

"सासूकडं," मनीषा म्हणाली.

टीबी हा शब्द घरात आला त्याच दिवशी हिराबाईंनी पोर अंगावरून तोडली, मनीषाची ताट-वाटी वेगळी केली आणि तिला माहेरी धाडली. बरी हो, मग ये. मनीषाने तेव्हापासून मुलीला हात लावला नव्हता. मोबाइलवर दाखवायचे, तेवढंच.

हिराबाईंना कुणी दुष्ट ठरवण्याआधी एक सांगते. त्यांचा नवरा त्याच घरात टीबीने गेला होता. त्याची थुंकी त्यांनी उचलली होती, त्याला शेवटचं पाणी त्यांनी पाजलं होतं. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती बहुधा ओसरते, हे आम्ही डॉक्टर भिंतीवर चिकटवतो. ज्या बाईने ते मरण डोळ्यांनी पाहिलं तिला भिंतीवरचा कागद काय समजावणार?

मी मनीषाला टेबलावर झोपवलं. स्टेथोस्कोपच्या आधी छातीवर तळहात ठेवायची मला जुनी सवय आहे. ठेवला आणि तसाच राहू दिला. मांजर मांडीवर घेतलं की त्याची घुरघुर जशी हाताला लागते, तशी थरथर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला लागत होती. मग ऐकलं. प्रत्येक ठोक्याला खरखरीत, लांब आवाज. पावसाळ्यात बांधाला भगदाड पडतं आणि पाणी जोराने घुसतं, तसा.

"हिला लहानपणी कुणी काही सांगितलं होतं? हृदयाबद्दल?"

मनीषा नाही म्हणाली. सुमनताईंनी तिची ओढणी उचलली आणि तिला बाहेर नेलं. मनीषा बाहेर कपडे नीट करत होती तेव्हा त्या पुन्हा आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"शाळेतल्या तपासणीत सांगितलेलं, भोक हाय म्हणून. मुंबईला नेली. ते बोलले बारीक हाय, काय होनार नाय. मंग मी कोनाला बोललीच नाय. पोरीचं लग्न व्हायला पायजे ना, मॅडम. तिला सुद्धा नाय सांगितलं."

आता थोडं शिकवणं आलं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्याला काही मुलांना जन्मतः छिद्र असतं. छिद्र जितकं लहान तितका आवाज मोठा, आणि बहुतेक जणांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच होतं. पण त्या छिद्रातून रक्ताची चिळकांडी समोरच्या, उजव्या बाजूच्या झडपेवर आपटत राहते, तिथला भाग खरवडतो. अशा वेळी रक्तात जंतू शिरले, मनीषाच्या बाबतीत त्या गळवातून, की त्यांना बसायला जागा मिळते. झडपेवर शेवाळासारखा थर चढतो. त्याचे तुकडे सुटतात. डाव्या बाजूच्या झडपेवरचे तुकडे मेंदूत, हातापायांत जातात. असा माणूस कधी कधी लकवा होऊनच आमच्याकडे येतो. उजव्या बाजूचं रक्त मात्र थेट फुप्फुसांत जातं. तिथले तुकडे फुप्फुसात अडकतात, अडकले तिथे पिकतात, पिकून पोकळी करतात. माणूस खोकतो, झिजतो, तापतो. आजार हृदयात, आणि बोंब फुप्फुसात. आपल्याकडे असा फोटो पाहिल्यावर पहिला शब्द टीबीच येतो. माझ्याही तोंडून आला असता.

शिवाय नशिबाने एक चेष्टा केली होती. टीबीच्या औषधांत एक असं असतं, ज्याने लघवी नारिंगी होते. ते या गळवाच्या जंतूंवरही काही काळ चालतं. म्हणून गोळ्या घेतल्यावर ताप उतरला आणि निदानावर शिक्का बसला. मग जंतू त्या औषधाला सरावले.

पेणला तपासण्या झाल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर झडपेला लोंबणारा, प्रत्येक ठोक्याबरोबर हलणारा गोळा दिसला. रक्तातही तेच जंतू वाढले. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला पाठवलं. तिथल्या सर्जननी पाहिलं आणि सांगितलं, आधी सहा आठवडे शिरेतून औषध, जंतू मेले की छिद्र बुजवू. इतके दिवस अडवून ठेवायला तिथे खाट नव्हती. औषध पेणलाही देता येण्यासारखं होतं. ती माझ्याकडे दाखल झाली.

निलेश आणि हिराबाई आले, तेव्हा मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. "हा टीबी नाही. टीबी नव्हताच."

निलेश म्हणाला, "म्हणजे चांगलंच ना?"

खरं तर हा आजार टीबीहून जास्त धोक्याचा होता. पण खाटेवर मनीषा उठून बसली होती. ओढणी तिने कधी सोडली मला कळलंच नाही. "मॅडम," ती म्हणाली, "म्हणजे स्वराला मी घेऊ शकते?"

"आज घे, आत्ता घे."

हिराबाई उठल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोरीला घेऊन आल्या. झालरीचा फ्रॉक, डोळ्यांत काजळ, केसांना तेल. इतकी निगा राखलेली पोर माझ्या वॉर्डात क्वचितच आली असेल. मनीषाने हात पुढे केले. "ये, बाबू. ये माझ्याकडं."

पोरीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हिराबाईंच्या मानेत तोंड लपवलं.

"जा गो," हिराबाई तिला सोडवू लागल्या. "आई हाय ती तुजी. आईकडं जा."

पोरीने दोन्ही हातांनी त्यांचा पदर धरला आणि रडायला लागली. रडता रडता ज्या हाका मारत होती त्या "आई, आई" अशा होत्या, आणि त्या हिराबाईंना होत्या.

मनीषाने हात खाली घेतले. "राहू दे, आत्या. रडवू नका. होईल सवय." मग माझ्याकडे बघून हसली. ज्याला बरं वाटत नाही त्यानेच समोरच्याची समजूत काढायची, हे मी वॉर्डात आयुष्यभर पाहिलंय. अजून सवय झालेली नाही.

हिराबाई त्यानंतर रोज यायला लागल्या. खाडीवरून पेणपर्यंत सहाआसनी रिक्षा, पोर कडेवर. पोर खाटेपासून चार हात लांब खेळायची. मनीषाने काहीही दिलं तर घ्यायची आणि लगेच आजीकडे पळायची. खिडकीतून पलीकडच्या कारखान्यातले वाळत घातलेले, रंग न दिलेले गणपती दिसत; ते दाखवायला मनीषा तिला बोलवायची. पोर आजीला खिडकीशी ओढून न्यायची आणि तिच्याबरोबर बघायची. औषध मात्र लागू पडत होतं. ताप उतरला, भूक लागली. सुमनताई शाळेतून रजा घेऊन लेकीपाशी राहिल्या होत्या. दोन्ही विहिणी एका बाकाच्या दोन टोकांना बसत.

मग एके सकाळी मी राउंडला असताना मनीषाला एकदम छातीत कळ आली आणि श्वास घेता येईना. फुप्फुसाच्या कडेची एक पोकळी फुटली होती. आतली हवा छातीच्या पोकळीत सुटली आणि त्या हवेने फुप्फुस चेपून टाकलं. या आजारात असं होऊ शकतं हे मी वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. शेजारच्या सर्जनना बोलावलं, त्यांनी धावत येऊन बरगड्यांमधून नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्याखाली. हवा बाहेर पडते, पाण्यातून बुडबुडे येतात, आणि पाणी असल्यामुळे हवा उलट आत जात नाही. इतकी साधी युक्ती, आणि निळा पडलेला माणूस पुन्हा माणसात येतो. अर्ध्या तासात मनीषा बोलायला लागली. त्या दिवशी मी फार खूश होते. रामवाडीच्या त्या गृहस्थांना बोलावून ती बाटली दाखवावी असं वाटलं.

दुपारी पोर आली. आईला लावलेल्या नळ्या बघून ती घाबरेल म्हणून हिराबाई दारातच थांबल्या. तेवढ्यात मनीषाला खोकला आला आणि बाटलीत बुडबुड्यांची एक लड उठली.

पोर कडेवरून खाली उतरली. चालत आली आणि बाटलीसमोर उकिडवी बसली. बुडबुडे थांबले. तिने वर मनीषाकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ तोंडाकडे.

मनीषा पुन्हा खोकली. बुडबुडे आले. पोर हसली.

"अजून," पोर म्हणाली.

नळी घातलेल्या जागी खोकताना काय होतं, ते ज्याला घातली त्यालाच माहीत. मोठमोठे पुरुष उशी छातीशी आवळून ओरडतात. मनीषा बरगडीवर हात दाबून खोकत होती, आणि दर वेळी पोर टाळ्या वाजवत होती. सिस्टर मला बोलवायला आली. मी जाऊन म्हटलं, "मनीषा, पुरे. दुखेल."

"दुखतंय ना," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा असा, की तसा मी तिचा आधी पाहिला नव्हता. "पन ती बघतेय ना, मॅडम."

खोकल्याने चेपलेलं फुप्फुस फुगायला मदतच होते. तिला थांबवायला मला वैद्यकशास्त्रातलं एकही कारण सापडलं नाही. मी परत फिरले. सुमनताई बाकावर तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या आणि हिराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

पोर मग रोज बाटलीसाठी येऊ लागली. बाटलीकडून खाटेच्या कडेवर, कडेवरून आईच्या पायाशी. फुप्फुस फुगून जागेवर बसलं आणि नळी काढायची वेळ आली, तेव्हा मनीषाने मला हळूच विचारलं, "अजून दोन दिवस नाय का ठेवता येनार?" मी नाही म्हटलं. नळी ठेवली तर नवे जंतू शिरतात. दुपारी पोर आली, खाटेखाली वाकून पाहिलं, बाटली नाही. मनीषाने श्वास धरला होता. पोर थोडा वेळ उभी राहिली आणि मग खाटेवर चढायला लागली. स्वतःहून.

पुढचे काही दिवस दुपारी ती आईच्या कुशीतच झोपायची. हॉस्पिटलच्या नियमात ते बसत नव्हतं. नियम मीच केलेले होते, मीच तिकडे पाहिलं नाही.

सहा आठवडे संपत आले होते. ताप नाही, रक्तात जंतू नाहीत, झडपेवरचा गोळा आक्रसलेला, वजन वाढलेलं. निलेश शिफ्ट सुटली की कंपनीच्या कपड्यांतच यायचा. घरी न्यायची तयारी चालली होती. खोलीला चुना लावला, पंखा नवीन घेतला, हे तो मला उभ्या उभ्या सांगायचा. आमच्या धंद्यात असे फार थोडे रुग्ण वाट्याला येतात, ज्यांना तुम्ही कानाने शोधलेलं असतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, हे नाकारत नाही.

एका सकाळी मनीषा म्हणाली, "मॅडम, थुंकीत जरा लाल आलं." खरंच जरासं होतं, रुमालावर एक रेघ. फुप्फुसातल्या पोकळ्या भरताना असं होतं कधी. तरी मला चैन पडेना. लगेच सीटी स्कॅनला पाठवलं, शिरेतून रंग सोडून. दुपारी रेडिऑलॉजिस्टचा फोन आला. त्यांचा आवाज ऐकूनच मी उभी राहिले.

फुप्फुसाच्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. मागे कधीतरी जंतूंचा तुकडा तिथे अडकला असणार. जंतू औषधाने मेले, पण मरण्याआधी त्यांनी त्या नळीची भिंत आतून मऊ केली होती. सायकलच्या ट्यूबला झिजल्या जागी येतो तसा फुगा. फार क्वचित होतं हे. औषध चुकलं म्हणून होत नाही, कमी पडलं म्हणूनही नाही. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. मुंबईला नेऊन मांडीतल्या शिरेतून बारीक तार वर घालायची, आणि ती नळी आतून बंद करायची, फुगा फुटायच्या आत.

मुंबईला फोन केला. त्यांनी लगेच पाठवा म्हटलं, टीम तयार ठेवतो म्हटलं. रुग्णवाहिका दारात आली. निलेश डोलवीहून निघाला होता. मी मनीषाला सांगितलं, एक लहानशी गोष्ट उरलीय, ती करून येऊ, मी बरोबर येतेय. ती म्हणाली, "स्वरा येईल ना आता. तिला बघून जाऊ?"

"आल्यावर बघ," मी म्हटलं. "उशीर नको."

स्ट्रेचरवर घेताना ती खोकली. एकदाच. नंतरचं मी लिहिणार नाही. इतकंच सांगते, की जगातल्या कुठल्याही हॉस्पिटलात, कुठल्याही डॉक्टरसमोर ते झालं असतं तरी फार काही करता आलं नसतं. मी हे स्वतःला सांगते, ते खरंही आहे, आणि त्याचा उपयोग होत नाही. मी, सिस्टर आणि ते सर्जन, तिघांनी जे करायचं ते केलं. सगळं मिळून काही मिनिटं.

सुमनताई तिथेच होत्या. मला फाटकाकडे रिक्षाचा आवाज आला आणि मी त्याच कपड्यांत धावले. हिराबाई उतरत होत्या, पोर कडेवर. माझ्या कोटाकडे त्यांनी पाहिलं. त्यांनी पोरीचं तोंड आपल्या खांद्यावर दाबलं आणि पाठमोऱ्या होऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

डॉक्टरच्या हातून रुग्ण जातात. त्यातून पुढे जाण्यासाठी आम्हाला एखादं कारण लागतं. उशिरा आला, औषध सोडलं, दारू प्यायचा, वय झालं होतं. मनीषाने एकही इंजेक्शन चुकवलं नव्हतं. रोह्याचा तो तरुण डॉक्टर मला भेटायला आला. त्याने थुंकी तपासली होती, फोटो पाहिला होता, नियमाने औषध दिलं होतं. त्याला मी तसं सांगितलं. मान हलवून तो गेला. कोणाचं चुकलं असतं तर बरं झालं असतं, असा विचार मी आयुष्यात त्याच दिवसांत पहिल्यांदा केला. त्यानंतर वर्षभरात मी पेणच्या खाटा बंद केल्या. वयाचं कारण सांगितलं, लोकांनी ते मानलं.

रोह्याला जात राहिले. एक दिवस ओपीडी संपता संपता सुमनताई आत आल्या. शाळेतून थेट आल्या होत्या, हाताला हळदीचा वास. तब्येत विचारली तर हातानेच थांबवलं.

"एक विचारायचाय. खरं सांगा. ते टीबीच्या नावाखाली पोर लांब ठेवली. जवळ ठेवली असती, तर पोरीला काय झालं असतं?"

"काही नाही," मी म्हणाले. मला खोटं सुचलं नाही.

"कायच नाय?"

"नाही, सुमनताई. तो आजार जवळ बसून लागत नाही."

त्यांनी टेबलावरच्या काचेवर उठलेला हळदीचा डाग पदराने पुसला. "हिराबाय जेवत नाय नीट," त्या म्हणाल्या. "निलेश सांगत होता. पोरीला घेऊन नुसती बसते. बोलते, मी आईपासून पोर तोडली. तेवढे दिवस तिला मिळाले असते, ते मी खाल्ले, बोलते."

मी पेनाला टोपण लावलं.

"मी तिला सांगितलंय, टीबी नव्हता पन गळवाचे जंतू होते, ते पोरीला लागलेच असते. पोर वाचली ती तुमच्यामुळं, हिराबाय. डॉक्टर मॅडमनीच मना सांगितलं, असं बोलली." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "ती येईल तुमच्याकडं. तुमी तेच सांगा."

"सुमनताई..."

"माझं मना हाय, मॅडम. मी लग्नात लपवलं, ते मरेपर्यंत हाय मना. तिला कशाला? पोर तिलाच वाढवायचीय."

हिराबाई आल्या, पंधरवड्याने असेल. पेणहून रोह्यापर्यंत पोरीला कडेवर घेऊन, सर्दीचं निमित्त करून. फार वाळल्या होत्या. मी पोरीला तपासलं, औषध दिलं. त्या उठल्या नाहीत. पोरीच्या केसांवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"बाय, रोह्याची इहीन बोलते ते खरं हाय? ही तिच्यापाशी राह्यली असती तर हिला पन लागलं असतं?"

आयुष्यभर मी लोकांना एक गोष्ट घसा फोडून सांगत आले. घाबरून माणसाला माणसापासून तोडू नका.

"हो," मी म्हणाले. "लागलं असतं."

"मंग मी बरा केला?"

पोर त्यांच्या मांडीवर उभी राहून माझ्या टेबलावरचं पेन ओढत होती.

"बरं केलंत," मी म्हणाले.